ड्यूटीची अक्षरं

गांगुर्डे नानांनी मला कधी माझ्या नावानं हाक मारली नाही. माझं नाव प्रमिला शिंदे. कंडक्टर म्हणून लागले तेव्हापासून सगळा डेपो मला पमाताई म्हणतो, भांडण झालं की पमाबाई, आणि माझ्या माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. नाना मात्र पहिल्या दिवसापासून 'शिंदेताई'. मला आधी वाटायचं, काय हा माणूस, किती अंतर राखून वागतो! मग कळलं की त्यात मानपान काही नव्हता. माझं नाव त्यांच्या तोंडात बसत नव्हतं.

हे मी उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही. नाना आमच्या नाशिकच्या स्टँडवर कंट्रोल केबिनमध्ये बसून गाड्या पुकारायचे. आणि त्यांचा खालचा ओठ, हनुवटी, डाव्या बाजूचा जबडा हे सगळं नवं बसवलेलं होतं. मूळचे तेही कंडक्टरच. मी नोकरीला लागायच्या आधीची गोष्ट. नाशिकच्याच द्वारका चौकात त्यांच्या गाडीपुढे सळयांचा ट्रक होता. त्यानं कचकन ब्रेक मारला. नाना ड्रायव्हरशेजारी उभं राहून एका म्हाताऱ्याला उतरायची जागा दाखवत होते. ट्रकच्या मागं लोंबणाऱ्या सळया काच फोडून आत आल्या. बाकी गाडीत कोणाला साधं खरचटलं नाही. म्हाताराही धड राहिला.

डॉक्टरांनी त्यांच्या पोटरीतलं बारीक हाड काढलं, कापून वळवून धातूच्या पट्टीवर स्क्रूनं बसवलं आणि त्याचा जबडा केला. पोटरीचीच कातडी हनुवटीला आणि ओठाला आली. जीव वाचला, घास गिळता येऊ लागला, लोकांत उठबस करता येईल असा चेहरा झाला. पण तो ओठ नुसता दिसायला ओठ. त्याला ना गरम कळायचं ना गार, आणि तो वरच्या ओठाला जाऊन मिटत नव्हता.

आता तुम्ही एक करून बघा. ओठाला ओठ न लावता 'पमा' म्हणा. जमतंय का? प, फ, ब, भ, म. शाळेत एका दमात घोकलेली ती ओळच्या ओळ गेली होती नानांची. माणूस पाणी मागू शकत नाही, भाकरी म्हणू शकत नाही, 'मी' म्हणू शकत नाही. अन् असा माणूस बरा होऊन डेपोत आला, हलकी ड्यूटी घ्या म्हटल्यावर म्हणाला, माइकची द्या.

लोक म्हणाले, डोक्यालाही सळई लागलेली दिसते. पण नानांनी दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एका बाईंकडे महिनोन्‌महिने आरशासमोर बसून एक युक्ती घोटवली होती. खालचा ओठ उचलून वरच्या दातांना लावायचा. मग 'प'चा 'फ' होतो, 'ब'चा 'व' होतो आणि 'म' जरा नाकातून पण बऱ्यापैकी 'म'च येतो. तेव्हाच्या साहेबांनी दुपारच्या वेळी, गर्दी नसताना करून बघू दिलं. नानांनी पुकारलं, 'फिंफळगाव वसवंत, चांदवड, मालेगाव, फलाट तीन.' लोक बरोबर तीन नंबरला गेले. तेव्हापासून माइक त्यांचा झाला. मी लागले तेव्हा ती स्टँडची भाषाच होऊन गेली होती. कॉलेजची पोरं एकमेकांना विचारायची, 'चल, फिंफळगावला येतो का?'

माइक सोडून इतर वेळी मात्र नाना ती अक्षरं तोंडात घ्यायचेच नाहीत. दर वेळी ओठ दातांना लावायचा म्हणजे चेहरा ताणायचा, आणि चार वाक्यांत थकायला व्हायचं. म्हणून ती अक्षरं टाळून, शब्द निवडून बोलायचे. पाण्याला 'जल'. भाकरीला 'रोटी'. 'बस' म्हणायचं तर 'टेक जरा'. आणि 'मी' ऐवजी सरळ 'गांगुर्डे'. 'गांगुर्डे जेवले. गांगुर्ड्यांना उद्या रजा हवी.' नव्या माणसाला वाटायचं, कोण हा राजा! मी एकदा विचारलंच, नाना, माइकवर येतं तर इथं का नाही? म्हणाले, 'ती ड्यूटीची अक्षरं. गाड्यांसाठी ठेवलीत. घरी खर्चायची नाहीत.'

बायकोचं नाव पार्वती. मी वहिनींना म्हटलं, तुमचं नाव घेता येत नाही हो नानांना. त्या म्हणाल्या, 'आधी कुठं घेत होते? अगं ऐक, अगं ऐक करूनच संसार झाला. माझं काही गेलं नाही बाई.'

नाना सटाण्याकडचे, त्यामुळे बोलण्यात मधूनच 'आहे'ऐवजी 'शे' यायचं. विनोदाची मोठी हौस. पोटरीच्या कातडीवर दाढी कुठली, पोटरीचेच विरळ केस यायचे. ते काढताना म्हणायचे, 'इतर लोक दाढी करतात, गांगुर्डे टांग सोलतात.' कॅन्टीनमध्ये सोनवणे ड्रायव्हर त्यांची नक्कल करायचा. एकदा नाना मागं येऊन उभे राहिले तरी ह्याचं चालूच, 'फिंफळगाव, फिंफळगाव.' नाना म्हणाले, 'कच्चं शे रे. ओठ जास्त हलतोय. दातांनी दाखव.' सोनवण्याचं तोंड बघण्यासारखं झालं. माझा मात्र भडका उडाला. मी म्हटलं, सोनवण्या, तुझ्या थोबाडात घुसू दे एक सळई, मग कर नक्कल. तर नाना माझ्यावरच उखडले. 'शिंदेताई, असलं उच्चारायचं नाही. कोणालाच नको ते.' दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता बोला!

लहान पोरांचं त्यांना वावडं नव्हतं. एक चिमुरडी केबिनच्या काचेला नाक लावून बघत होती. म्हणाली, 'आजोबा, तुमचं तोंड कोणी तोडलं?' आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. नाना बाहेर आले. 'लोखंडानं तोडलं. डॉक्टरांनी जोडलं. आता तू सांग, तुझे दात कोणी नेले?' पोरीचे पुढचे दोन्ही दात पडलेले. ती म्हणाली, 'उंदरानं.' नाना इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

पण एक गोष्ट त्यांना खपायची नाही. जेवताना, चहा पिताना ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. हातात घडी केलेला रुमाल. हनुवटीला काही कळत नसल्यानं चहा ओघळला, वरणाचा थेंब लागला तरी त्यांना पत्ता नसायचा. म्हणून आपले दर घासाला रुमाल फिरवत राहायचे. एकदा हनुवटीला भाताचं शीत राहिलं होतं. मी हळूच माझ्या हनुवटीला हात लावून खूण केली. नानांनी बशी अशी आपटली की तिचे दोन तुकडे झाले. 'कळतं! कळतं गांगुर्ड्यांना!' ओरडले. कळत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. मी त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले. नंतर कधी खूण केली नाही.

म्हणूनच पुढचं सगळं आमच्या डोळ्यांसमोर घडलं तरी कोणी बोललं नाही.

एका हिवाळ्यात नानांनी मफलर गुंडाळला. थंडीत पट्टी ठणकते हे सगळ्यांना माहीत होतं, कोणाला काही वाटलं नाही. पण होळी झाली, ऊन तापलं, पंख्याखाली बसून आमचे जीव चाललेत आणि नानांचा मफलर आहे तसाच. रुमाल एकाचे तीन झाले. केबिनमध्ये गेलं की एक वास यायचा, गोडसर, कुजका. मी विचारलं तर म्हणाले, 'सर्दी.' सर्दीला कोणी हनुवटी बांधतं का?

गाड्या ते नेहमी दोनदा पुकारायचे. आता तीनदा पुकारू लागले. मी गाडीत उभी राहून ऐकायचे. 'मनमाड' म्हणताना काहीतरी निसटतंय असं वाटायचं. मग मला वाटायचं, भोंगा जुना आहे, आपलेच कान तिखट झालेत.

बाजारात वहिनी भेटल्या आणि त्यांनी भाजीच्या गाड्यापाशीच माझा हात धरला. म्हणाल्या, 'प्रमिला, उशीवर पिवळे डाग पडतात गं. हनुवटीखाली भोक पडलंय. त्यातून पट्टी दिसते, चमकते. मी आंघोळीच्या वेळी बघितलं.' जबड्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. इतक्या वर्षांनी पट्टीला पू झाला होता. ती काढायची, सडलेलं हाड कोरायचं, दुसऱ्या पायाचं हाड आणि कातडी आणून पुन्हा सगळं बांधायचं. आणि जमलं तर त्याच वेळी मांडीतल्या चिवट पडद्याची एक फीत काढून ओठाला झोळीसारखी घालायची, म्हणजे ओठ वर उचलला जाईल. ठेवलं तसंच तर हाड सडत जाईल, विष अंगात भिनेल. 'हे म्हणतात, रिटायर झाल्यावर बघू. रिटायर व्हायला किती वेळ आहे अजून! तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतील.'

माझं ऐकतील! ज्यानं माझ्या एका खुणेवर बशी फोडली तो? तरी गेले. केबिनचं दार लावून घेतलं आणि म्हटलं, नाना, ऑपरेशन करून घ्या. त्यांनी मफलर आणखी आवळला. मग म्हणाले, 'डॉक्टरांना विचारलं. ओठ आत्ता थोडा तरी हलतो. नंतर हलेल का? सांगत नाहीत. खात्री देत नाहीत.'

'जिवापेक्षा माइक मोठा आहे का?'

'ओठ गेला तर गांगुर्डे गेले,' असं म्हणून त्यांनी माइक ओढून घेतला आणि गाडी पुकारायला लागले. माझ्याकडे पाठ केली. मी चरफडत बाहेर आले. खरं सांगते, मला त्यांचा राग आला होता. आणि भीतीही वाटत होती.

सटाण्यापलीकडच्या नामपूरची थेट गाडी दिवसाला एकच, दुपारची. तिच्या आगेमागे दुसऱ्या फलाटावर सिन्नरकडच्या नांदूरची गाडी लागायची. त्या दिवशी चार नंबरच्या बाकावर एक बाई एकटीच बसून होती. सिन्नरच्या बाजूनं आलेली. माहेर नामपूरला. सकाळी फोन आला होता, आई गेली. भावानं सांगितलं होतं, तू थेट गाडीनं ये, आम्ही थांबवून ठेवतो. बाई भोंग्याच्या बरोबर खाली बसली, पदर तोंडाला लावून. त्या दिवशी गाडी चारऐवजी पार सहाला लागली, नानांनी तीनदा पुकारलं, गाडी सुटली. बाई जागची हलली नाही. कितीतरी वेळानं केबिनपाशी येऊन तिनं विचारलं, 'दादा, नामपूरची कधी लागणार?'

नाना म्हणाले, 'गेली.'

त्या बाईनं जो हंबरडा फोडला तो मी आयुष्यात विसरणार नाही. 'पुकारलीच नाही तुम्ही! मी कान देऊन बसले होते! नांदूर नांदूर करत होता तुम्ही, नामपूर म्हणालाच नाहीत!' आम्ही धावत जाऊन तिला सटाण्याच्या गाडीत बसवलं, सटाण्याहून ती जीपनं गेली. पोचली तेव्हा चिता पेटलेली होती. आईचं तोंड बघायला मिळालं नाही.

भावानं तक्रार केली. चारेक दिवसांनी डेपोच्या साहेबांनी सगळ्यांना आपल्या ऑफिसात बोलावलं. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनाही नाना हवे होते. टेबलाच्या एका बाजूला ती बाई आणि भाऊ, दुसऱ्या बाजूला नाना मफलर गुंडाळून उभे. आम्ही चौघंपाच जण दारात. आणि आमचं सगळ्यांचं आधीच ठरल्यासारखं होतं. कोणी बोलून दाखवलं नव्हतं, पण ठरलं होतं. नानांचा माइक जाऊ द्यायचा नाही.

साहेब मऊपणानं म्हणाले, 'बाई, तुमच्यावर प्रसंगच तसा होता. रडून रडून डोळा लागला असेल. होतं असं.'

बाई म्हणाली, 'साहेब, आई मेल्याचा फोन आला होता मला. झोप कोणाला लागते हो?'

'मग भोंगा खराब असेल. जुना झालाय.'

'होय साहेब, खरखरतो,' सोनवणे दारातून म्हणाला. 'पावसाळ्यापासून खरखरतो.' बाकीच्यांनी माना हलवल्या. साहेबांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. भोंग्यावर लिहून टाकलं की झालं, कोणाचं काही जात नव्हतं. भाऊ मात्र धुमसत होता. 'म्हणजे माझी बहीण खोटं बोलते का? तुम्ही नामपूर पुकारलं आणि हिनं ऐकलं नाही, असंच ना?'

तेव्हा नानांनी मफलर सोडला.

खोलीत तो वास पसरला. हनुवटीखाली कापूस चिकटवलेला, तो ओला झालेला. डावा गाल सुजून तकतकीत झाला होता. साहेब खुर्चीतच मागं सरले.

'साहेग,' नाना म्हणाले, 'गोंगा ठीक होता.'

मला क्षणभर कळलंच नाही. इतक्या वर्षांत नानांनी माइकशिवाय ती अक्षरं कधी उच्चारली नव्हती, आणि आता मुद्दाम, एकामागून एक काढत होते. ओठ दातांपर्यंत पोचतच नव्हता. 'नाझी चूक. न येत नाही आता.'

'काय येत नाही?' साहेबांनी विचारलं.

'न.'

'न? न तर येतोय की नाना. आत्ता म्हणालात.'

'न नाही, साहेग. न!' नानांच्या कपाळाची शीर फुगली. मान ताणून, डोळे मिटून ते पुन्हा पुन्हा ते अक्षर ढकलत होते आणि प्रत्येक वेळी दुसरंच बाहेर पडत होतं. जे येत नाही त्याचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं. सोनवण्यानं मान खाली घातली. मला वाटलं, पुरे करा, कोणीतरी थांबवा यांना. शेवटी नानांनी साहेबांच्या पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं आणि टेबलाच्या काचेवर मोठा 'म' काढला. त्याच्या शेजारी 'प'. बोट ठेवून म्हणाले, 'हे. हे येत नाही.'

मग ते त्या बाईकडे वळले. 'ऐका ताई.' आणि माइकवर पुकारतात तसं, सगळा जोर लावून म्हणाले, 'नानूर. नानूर. नानूर.'

बाई रडतच म्हणाली, 'हेच. हेच ऐकलं मी. नांदूर.'

नाना साहेबांकडे वळले. पुढचं वाक्य त्यांनी थांबून, निवडून, ड्यूटीचं एकही अक्षर न घालता सांगितलं, म्हणजे ऐकण्यात कोणाची गफलत नको. 'साहेल,' अशी जीभ अडखळली, तेही त्यांनी सोडून दिलं आणि पुन्हा सुरुवात केली. 'या ताई जाग्या होत्या. चूक गांगुर्ड्यांची. दुखणं कधीचं होतं, सांगितलं नाही.'

त्यांनी केबिनची किल्ली टेबलावर ठेवली. भाऊ आला होता भांडायला, तोही उठून खिडकीशी गेला. ती बाई काचेवरच्या त्या ओल्या अक्षरांकडे बघत होती. मग म्हणाली, 'माझी आई काही परत दिसायची नाही, दादा. पण तुम्ही आधी दवाखान्यात जा.'

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. सकाळी आत नेलं ते दिवेलागणीपर्यंत. बाहेर वहिनी, थोरला मुलगा आणि मी. वहिनी जप करत होत्या, मी नुसती येरझाऱ्या घालत होते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तोंडावर थकवा. म्हणाल्या, पट्टी काढली, खराब हाड काढलं, नवं लावलं, नव्या हाडात रक्त खेळू लागलंय. ओठाला झोळी घातली. 'बोलणं?' मी विचारलं. 'ते आत्ता सांगत नाही,' त्या म्हणाल्या. 'ओठ मिटायला हवा. पण मिटवायचा त्यांनी आहे.'

हाड धरलं. पू थांबला. चेहरा मात्र आणखी एकदा वेगळा झाला. आधीचा चेहरा कुठे स्वतःचा म्हणून सवयीचा झाला होता, तर हा तिसराच. आता दोन्ही पायांनी लंगडायचे. तोंड बोटभरच उघडायचं. सूज ओसरल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओठ ओठाला लागतोय, आता बोलून बघा. पण नाना बोलेनात. एक अक्षर नाही. हातानं खुणा करायचे, डोळ्यांनी सांगायचे. वहिनी म्हणाल्या, 'दुखत नाही हो त्यांना. भीती वाटते. बोलायला गेलं आणि आलंच नाही, तर मग पुढं काय? न बोलता बसलं की निदान आशा राहते.' महिने गेले. नोकरीही त्यांनी आधीच सोडली होती. स्टँडवर आता कॉम्प्युटरमधल्या बाईचा आवाज आला. गोड आवाज, एकूण एक अक्षर स्वच्छ.

नाना तरी रोज दुपारी स्टँडवर यायचे. केबिनकडे बघायचे नाहीत. चार नंबरच्या बाकावर बसायचे, तिथंच, भोंग्याखाली. मला बघवायचं नाही. मी म्हणायचे, नाना, उन्हात कशाला येता, घरी बसा ना! ते मान हलवायचे, आणि बसून राहायचे.

लग्नसराईचे दिवस होते. स्टँडवर मुंगीला शिरायला जागा नाही. नांदूरच्या गाडीवर माझी ड्यूटी होती, गाडी नेहमीच्या जागी लावायला मिळाली नाही म्हणून सोनवण्यानं ती चार नंबरला घातली. नामपूरची सहाला लागली. मी ऑफिसात नोंद करायला गेले. बाहेर येते तो भोंग्यातून बाई गोड आवाजात सांगतेय, 'नामपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे.' जागा बदलल्याचं तिला कोण सांगणार?

झालं. माणसं चारकडे धावली. खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, टोप्या आत पडू लागल्या. पाटी कोण वाचतो अशा वेळी? आहेरांच्या पिशव्या, कडेवर पोरं, म्हाताऱ्या, सगळी नामपूरची माणसं माझ्या नांदूरच्या गाडीत घुसत होती, आणि तिकडे सहा नंबरची गाडी जवळजवळ रिकामी, ड्रायव्हरनं इंजिन चालू केलेलं. दिवसातली एकच थेट गाडी. मी ऑफिसच्या पायरीवरून ओरडले, पण त्या कल्लोळात माझा आवाज कुठं पोचतो!

आणि मला नाना दिसले. माझ्या गाडीच्या दारात, वरच्या पायरीवर, दोन्ही हात दांड्यांना धरून आडवे उभे. लोक त्यांना ढकलत होते. 'ए बाबा, सरक ना!' 'पिऊन आलाय का?' एकानं त्यांच्या शर्टाला हिसका दिला. नाना मान जोरजोरात हलवत होते, नाही, नाही. पण नुसतं मान हलवून कोण ऐकतं? मी गर्दीत घुसले, कोपरं मारत पुढं सरकत होते. एका तगड्या माणसानं त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि रेटलं. त्यांचा एक पाय पायरीवरून सुटला. माझ्या तोंडून 'नाना!' बाहेर पडलं. त्यांनी मला बघितलं असावं, नसावं. डोळे घट्ट मिटले. सगळा चेहरा आवळला.

'नामपूर नाही!'

गर्दी थबकली.

'नामपूर सहा! सहा नंबर! ही नामपूर नाही!'

आवाज घोगरा, वर्षाचा गंज चढलेला. 'प' जरासा फुसका. पण 'म' होता. पक्का, ओठावर ओठ आपटून आलेला 'म'. मी तिथंच उभी राहिले, लोकांनी धक्के मारले तरी. कोणीतरी ओरडलं, 'अरे सहाला हाय, सहाला!' आणि सगळी झुंड पिशव्या ओढत, शिव्या घालत सहाकडे फिरली. त्या तगड्या माणसानं मागं वळून म्हटलं, 'आधी बोलायला काय झालं होतं?' थँक्यू कोणी म्हटलं नाही. म्हणायला वेळही नव्हता.

मी दारापाशी पोचले तेव्हा नाना पायरीवर बसले होते. घामानं निथळत होते. मी म्हटलं, 'नाना, चला, पाणी प्या, मग घरी सोडते.' त्यांनी हातानं मला थांबवलं, आणि सहा नंबरकडे बोट केलं. 'आधी ती सुटू दे.'

माझीच गाडी आधी सुटायची होती. मागं गाड्या हॉर्न मारत होत्या, सोनवणे ओरडत होता. नाना उतरून बाकाशी जाऊन उभे राहिले. मी डबल बेल दिली आणि मागच्या खिडकीशी गेले. डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. त्या पावसाळ्यात नाना सटाण्याला थोरल्या मुलाकडे राहायला गेले आणि पुन्हा आमची गाठ पडली नाही, म्हणून हे शेवटचं बघणं. नामपूरची गाडी खच्चून भरून फलाटावरून निघत होती. नाना तिच्याकडे तोंड करून उभे होते. रुमाल हातातच होता. ते एकटेच काहीतरी पुटपुटत होते, काय ते मला एवढ्या लांबून ऐकू आलं नाही. पण ओठ दिसत होता. मिटत होता, उघडत होता, पुन्हा मिटत होता.